खिशातलं खिशाला

बेंगळुरूजवळच्या येलहंक्यातल्या एका दोन खोल्यांच्या घरात, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून उंबऱ्याशी पितळेचा एक जड ठोकळा ठेवलेला आहे. तो म्हणजे मी. मित्रांनो, मला ठोकळा म्हणू नका. मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे. मूठ सागाची, पोट पोकळ, दोन्ही बाजूंना वारा घ्यायला भोकं, आणि झाकणाच्या खिट्टीवर एक छोटा पितळी कोंबडा. तो कधी आरवला नाही. मीही कधी बोलले नाही. आज बोलते, कारण जे वेळेवर बोलायचं होतं ते माझी मालकीण बोलली नाही, आणि ते एका लेकराच्या अंगावर शेकलं.

माझा जन्म बेळगावातल्या एका ओतकामाच्या भट्टीत झाला. लालभडक पितळ मातीच्या साच्यात ओतलं, गार झाल्यावर कानशीनं घासलं, चिंचेनं उजळलं. माझ्या अंगावर पहिली नजर पडली ती मल्लाप्पाची. निपाणीकडचं पिढीजात परटाचं घर. मला पोत्यात गुंडाळून, शेजारी नवी नवरी सकवारबाईला बसवून तो बेंगळुरूला आला. हेब्बाळच्या तळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर होंगेचं झाड आहे. होंगे म्हणजे आपला करंज. त्याच्या सावलीत त्यानं चार चाकांची गाडी उभी केली, तिच्यावर घोंगडं अंथरलं, आणि माझ्या पोटात करवंटीचे निखारे भरले. तेव्हा समोर पेरूची बाग होती. मग बाग गेली आणि तिथं बारा मजली सोसायटी उभी राहिली. तिथली जवळजवळ सगळी गाठोडी आमच्याकडं यायची.

त्याला कारण होतं. मल्लाप्पाचा एक नेम होता. खिशातलं खिशाला. कपड्याच्या खिशात जे सापडेल ते बाहेर काढायचं, कपड्याला इस्त्री करायची, आणि ते होतं तिथंच परत ठेवायचं. विचारायचं नाही, दाखवायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. एकदा एका बाईंच्या पदराच्या गाठीत कानातली कुडी सापडली. पुन्हा त्याच गाठीत गेली. एकदा एका साहेबांच्या खिशात बायकोच्या नावाची नसलेली चिठ्ठी सापडली. तीही घडीत परत गेली. मल्लाप्पा म्हणायचा, "परटाला घरातलं सगळं ठाऊक असतंय. म्हणून तर देवानं त्याला तोंड दिलं न्हाई." सोसायटीतले लोक कौतुकानं म्हणत, तिजोरीला कुलूप लावा, पण मल्लाप्पाच्या गाठोड्याला नको. मला त्या कौतुकाचा अभिमान वाटायचा. आता आठवलं की पितळ काळं पडतं.

मल्लाप्पा एका उन्हाळ्यात छातीत कळ येऊन गेला. सकवारबाईनं तेराव्यानंतर गाडीवरचं फडकं काढलं आणि मला उचललं. मूठ तीच, हात नवा. शेजारी सून भाग्यलक्ष्मी घड्या घालायला उभी राहिली. ती येलहंक्यातच वाढलेली, सासूला कानडी वळणानं अत्ते म्हणायची. सकवारबाईला एक सवय होती. मला फिरवताना ती जात्यावरच्या ओव्या म्हणायची. जातं गावाकडं राहिलं होतं, गळा इथं आला होता.

इस्तरी फिरते बाई, सुरकुती पळे
कपड्याच्या पोटातलं कपड्यालाच कळे

आणि खरंच कळतं, मित्रांनो. कपडा गार असतो तोवर गप्प असतो. त्याच्यावर पाण्याचा शिपका मारला, वरून मी फिरले आणि वाफ उठली, की तो बोलायला लागतो. कोण काल पोट धरून रडलं, कुणी गाडीत तीन तास काढले, कोणाच्या घरात आजारी माणूस आहे, सगळं वाफेत येतं. मी माणसं चेहऱ्यानं ओळखत नाही. मी ती वासानं ओळखते.

शुभंकरला मी तसंच ओळखलं.

तो पुण्याहून आला होता. सातव्या मजल्यावरच्या सुखदाचा धाकटा भाऊ. महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून बहिणीकडं राहायला आला. आमच्याकडं पहिल्यांदा सहा शर्ट घेऊन उतरला आणि सकवारबाईला मराठीत ओवी म्हणताना ऐकून तिथंच थबकला.

"मावशी, तुम्ही मराठी?"

"मग काय जपानी वाटले?"

तो हसला. "नाही, इथं दीड महिना झाला, घराबाहेर मराठी ऐकलंच नव्हतं."

"तुझं मराठी लई कडक हाय बाबा. घडी मोडंल म्हणून भ्या वाटतंय. बस की स्वल्प."

तेव्हापासून रविवारी सकाळी तो कोपऱ्यावरून स्टीलच्या पेल्यात कॉफी आणायचा, तीन पेले, आणि गाडीच्या कडेला टेकून बसायचा. एकदा त्यानं मला उचलून बघितलं, कॉलरची इस्त्री कशी करतात म्हणून. मनगट दुखलं तर म्हणाला, "ही जिमपेक्षा भारी आहे." भाग्यलक्ष्मी तोंडाला पदर लावून हसली. त्याच्या शर्टांना तेव्हा साबणाचा, थोड्या घामाचा आणि डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास यायचा. निरोगी, भुकेल्या पोराचा वास.

पहिल्यांदा बदलला तो घाम. पावसाळा सरत आला होता, हवा गार होती, आणि त्याचे शर्ट पाठीपासून कमरेपर्यंत भिजून वाळलेले यायचे. वाफ उठली की त्यातून जळक्या प्लास्टिकसारखा, औषधासारखा एक कडवट वास यायचा. सकवारबाईनं नाक मुरडलं. मग विजारी सैल झाल्या. कमरेच्या पट्टीवर घट्ट आवळलेल्या बेल्टच्या चुण्या पडायला लागल्या, इतक्या खोल की त्या माझ्यानंही निघेनात. मग अर्ध्या बाह्यांचे शर्ट यायचे बंद झाले. पूर्ण बाह्या, आणि त्यांच्या आतल्या अंगाला मोहरीएवढे रक्ताचे ठिपके. तो स्वतःचं अंग खाजवून, सोलून काढत होता, हे मला ठिपक्यांनी सांगितलं.

आणि मग एका निळ्या शर्टाच्या खिशात ती पुडी सापडली. बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची पिशवी, आत तुरटीच्या चुऱ्यासारखे खडे.

भाग्यलक्ष्मीनं ती उजेडात धरली. "अत्ते, हे साखर न्हाई."

"ठेव."

"अत्ते, टीव्हीवर दाखवतात ते हेच असतंय. पोरं वेडी होतात."

"खिशातलं खिशाला. ठेव म्हटलं न्हवं?"

संध्याकाळी शुभंकर आला. सोसायटीच्या फाटकातून धावत आल्यासारखा. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, दातावर दात घासत होता. "मावशी, निळ्या शर्टात काही होतं का?"

"हुतं. हुतं तिथंच हाय."

त्यानं खिसा चाचपला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते सुख नव्हतं, बुडणाऱ्याला फळी सापडते तसलं काहीतरी होतं. "झोप येऊ नये म्हणून घेतो थोडं. ऑफिसात काम फार आहे. सगळेच घेतात." मग म्हणाला, "तुम्ही देवमाणूस आहात, मावशी."

मित्रांनो, देवमाणूस हा शब्द मी त्या गाडीवर पुष्कळदा ऐकला होता. त्या दिवशी तो पहिल्यांदा चटका बसल्यासारखा वाटला.

पुढं जे झालं ते समजायला सकवारबाईला तीन आठवडे लागले, मला एकच शर्ट पुरला. तो निळा शर्ट परत आला. त्याची घडी मोडलेली नव्हती. त्याला अंगाचा वास नव्हता. माझीच इस्त्री, मीच बसवलेली कॉलर, न घालता, न मळता, पुन्हा माझ्यापुढं. खिशात पुडी होती. दोन दिवसांनी नेला, तीन दिवसांनी पुन्हा आणला. सुखदा त्याच्या खोलीची झडती घ्यायला लागली होती, बॅग उलटी करायची, गादीखाली हात घालायची. एक जागा तिच्या ध्यानात येणार नव्हती. जिथं खिशातलं खिशाला असतं ती जागा. मल्लाप्पाचा नेम त्या पोरानं बरोबर ओळखला, आणि आमच्या गाठोड्याला तिजोरी केली.

सकवारबाईला कळलं तेव्हा ती ओवी म्हणता म्हणता थांबली. मग दुसरीच म्हणाली, हळू आवाजात.

पुण्याचा पाहुणा, बोलणं साखरेचं
कुणाच्या गं नजरेनं अंग वाळलं लेकराचं

"नजर कसली अत्ते," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "ती पुडी खातीया त्याला."

"मग वर जाऊन सांग तू."

भाग्यलक्ष्मीनं पुढचा कपडा ओढला. आम्ही सातव्या मजल्याच्या बहिणीला तिच्या भावाचा खिसा सांगितला, तर उद्या चौथ्या मजल्याला वाटेल आपलाही खिसा खाली बोलला जातो. परटाचं घर ज्या भरवशावर उभं, तो भरवसा एका वाक्यात पडतो. दोघींना ते न बोलता कळत होतं.

एका शनिवारी येलहंक्याच्या घराहून दोघींना आणणारी बस उशिरा आली. कपडे तयार व्हायला दुपार उलटली. शुभंकर चार वेळा खाली आला. पाचव्यांदा आला तेव्हा त्याच्या ओठांच्या कडांना पांढरं फेसासारखं वाळलं होतं.

"माझा निळा शर्ट."

"देते रं. आत्ता ह्या घराचं संपतंय, मग..."

"माझा शर्ट कुठाय? चोरलात का तुम्ही लोकांनी?"

तुम्ही लोक. इतक्या वर्षांत मल्लाप्पाच्या गाडीवर तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. त्यानं घड्या घातलेल्या कपड्यांची चवड दोन्ही हातांनी ढकलली. लोकांचे तीस-बत्तीस कपडे रस्त्याच्या धुळीत पडले. एका पांढऱ्या साडीवरून स्कूटर गेली. त्यानं गाठोडं फाडलं, निळा शर्ट ओढून काढला आणि निघून गेला. वर नेऊन, पुडीतलं घेऊन, शर्ट घडी करून पुन्हा तसाच आणणार होता, तरी त्याला तो आत्ताच हवा होता.

दुसऱ्या दिवशी तो कॉफीचे तीन पेले घेऊन आला. डोळे खाली. "मावशी, काल काय झालं मला कळलंच नाही. मी असा नाहीये."

"न्हाईस," सकवारबाई म्हणाली.

"हे शेवटचं. ताईला कळलं तर बाबा परत नेतील. नोकरी जाईल. या महिन्यानंतर बंद. शपथ."

"कुणाची?"

त्यानं खूप विचार केला. त्याला शपथ घ्यायला कुणी आठवेना. तेवढ्यात कॉफी गार झाली.

बुधवारी सकाळी सुखदा स्वतः खाली आली. ऑफिसचे कपडे, ओले केस, हातात गाडीची किल्ली. निळा शर्ट त्या क्षणी माझ्यापुढं पसरलेला होता. खिसा वरच्या बाजूला. पुडी आत. मी त्याच्यापासून वीतभर लांब, निखाऱ्यांनी भरलेली.

"मावशी, एक विचारायचं होतं. खरं सांगाल?"

"इचारा की ताई."

"शुभंकरच्या कपड्यांत काही सापडतं का? पावडर, गोळ्या, काहीही. तो जेवत नाही, झोपत नाही. दोन दोन दिवस जागा असतो, मग वीस तास उठत नाही. आरशाशी बोलतो. मी सगळं शोधलं घरात, काही मिळत नाही. डॉक्टर म्हणाले, काय घेतो ते कळलं तर लगेच दाखल करून घेऊ. आजच. मला फक्त खात्री हवी आहे. शुभंकरच्या खिशात काही असतं का, मावशी?"

मला त्या वेळी एकच वाटत होतं. कुणीतरी मला ढकलावं. मी घसरून त्या खिशावर पडावं, प्लास्टिक वितळावं, तो वास उठावा आणि सुखदानं तो घ्यावा. पण इस्त्री हलत नाही, मित्रांनो. इस्त्रीला हात हलवतो.

सकवारबाईनं मला उचललं आणि शेजारच्या कुर्त्यावर ठेवलं. "न्हाई ताई. तसलं काय न्हाई सापडत."

"नक्की?"

"रुमाल असतोय. बसचं तिकीट असतंय."

सुखदानं मान हलवली. तिला बरं वाटलं. ती किंचित हसलीसुद्धा. "मग मीच वेडी झालेय बहुतेक," म्हणाली आणि गाडीकडं गेली.

सकवारबाई मला फिरवायला विसरली. कुर्त्यावर माझ्या आकाराचा तांबूस डाग उमटला. तिच्या हातून जळालेला तो पहिला कपडा.

"सरी, ठीकच झालं अत्ते," भाग्यलक्ष्मी खालच्या आवाजात म्हणाली. "मोठ्यांच्या घरातलं आपल्याला कशाला." पण एकच घडी तिनं दोनदा घातली.

संध्याकाळी पाचला शुभंकर आला. "ताई आली होती?"

"आली हुती."

"विचारलं?"

"इचारलं."

"मग?"

"खिशातलं खिशाला."

त्यानं निळा शर्ट छातीशी धरला. मग वाकला आणि तिथं, रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर सकवारबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. ती मागं सरली. "आयुष्मान हो" म्हणायला तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला ॲम्ब्युलन्स आली. न्हाणीघरात त्याला झटके आले होते. काळीज थांबलं होतं. ते पुन्हा चालू झालं, पण मधल्या वेळात मेंदूला वारा मिळाला नाही. निखाऱ्याचं तसंच असतं. वारा बंद केला की आतून विझतो, वरून आकार तोच राहतो.

दोन महिन्यांनी लिफ्टमधून चाकांची खुर्ची खाली उतरली. खुर्चीत शुभंकर होता. मान एका बाजूला, छातीवर लाळ टिपायचा रुमाल. सुखदानं खुर्ची होंगेच्या सावलीत आमच्याजवळ आणली.

"याला इथं आवडायचं ना," ती म्हणाली. "त्याचे मित्र एकदाही आले नाहीत हो. फोन उचलत नाहीत. तुम्ही तरी त्याच्याशी बोलायचात, मावशी. तुमचे उपकार आहेत."

सकवारबाई त्याच्याकडं बघत होती. ती काही बोलायच्या आत त्याचा हात उठला. हळू, लहान मूल चमकत्या वस्तूकडं नेतं तसा. तो माझ्याकडं आला. पितळ चमकत होतं. त्यानं तळवा माझ्या तापलेल्या कुशीवर ठेवला.

त्यानं तो काढला नाही. दुखतंय हे त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. मी त्याला जाळत होते आणि तो माझ्याकडं बघत होता. वास उठला तेव्हा सकवारबाईनं झेप घेऊन त्याचं मनगट ओढलं. त्यानं स्वतःचा तळवा बघितला, दुसऱ्याचा असावा तसा. बऱ्याच वेळानं त्याच्या घशातून आवाज निघाला. तो माणसाचा नव्हता.

सुखदा त्याच्या हातावर बाटलीतलं पाणी ओतत होती. सकवारबाई मातीत बसली.

"ताई, तुम्ही त्या दिशी इचारलं ना. तवा ते हितंच हुतं. ह्याच गाडीवर. तुमच्यासमोर. निळ्या शर्टात."

सुखदा पाणी ओतत राहिली. बाटली संपली तरी धरून राहिली.

"मी तुम्हाला विचारलं होतं, मावशी."

"व्हय."

"त्याचं नाव घेऊन विचारलं होतं."

"व्हय, ताई."

"मग?"

सकवारबाईनं मल्लाप्पाचा नेम सांगितला. त्या नेमाच्या मागं काय काय होतं, कुडी, चिठ्ठी, इमान, तेही सांगायला गेली. शब्द तोंडातून आले, पण उभे राहीनात. सुखदानं ते पुरे ऐकलेही नाहीत. ती रागावली नाही, रडली नाही. तिनं खुर्ची वळवली आणि चढावरून वर घेऊन गेली. चाकाचा आवाज लिफ्टपर्यंत ऐकू आला. महिन्याभरात ते पुण्याला गेले.

त्यानंतर सकवारबाईनं माझ्यात कोळसा भरला नाही. गाडीवर आता गॅसची इस्त्री आहे, ती भाग्यलक्ष्मी चालवते. सोसायटीत नेमाला धक्का लागला नाही. कुणालाच काही कळलं नाही. गाठोडी येतात, कौतुक होतं. सकवारबाईला शिक्षा द्यायलाही कुणी उरलं नाही.

मित्रांनो, मी तुम्हाला काही शहाणपण सांगावं इतकी शहाणी नाही. मी फक्त कपडे ओळखते. तुमच्या घरात कुणाच्या विजारी अचानक सैल झाल्या, कुणी उकाड्यात हात झाकायला लागलं, कालचं जिवलग आज चवड उधळून गेलं आणि उद्या रडत माफी मागायला आलं, कुणाला झोप येईना आणि आली की उठवता येईना, तर समजा की वाफ उठली आहे. ते माणूस वाईट नसतं. ते आजारी असतं. आजाऱ्याला डॉक्टर लागतो, गुपित राखणारा नाही लागत. ते तुम्हाला सांगेल, कुणाला सांगू नको. शपथ घालेल. तुमच्या पाया पडेल. पाया पडणाऱ्याचं ऐकू नका. आईला सांगा, शिक्षकांना सांगा, जो मोठा माणूस ऐकेल त्याला सांगा. ते आजारी माणूस रागावेल. तुमच्याशी बोलणं टाकेल. टाकू दे. बोलणं टाकायला ते असेल तरी.

आणि कुणी नाव घेऊन विचारलं, तर त्या एका क्षणात खरं सांगा. तो क्षण किल्ली हातात घेऊन उभा असतो, आणि त्याला ऑफिसला जायचं असतं.

पुण्याहून गेल्या आठवड्यात कुणीतरी निरोप आणला. शुभंकर आता चमचा मुठीत धरायला शिकतोय. तोंडापर्यंत अजून नेता येत नाही. या श्रावणात त्याला सव्विसावं लागेल.